तक्रार न करणारे पेशंट

मिरजेहून एमबीबीएस होऊन 1974 साली मी इंग्लंडला आले, तेव्हा सर्जरीतल्या किंवा मेडिसिनमधल्या चांगल्या जागा आम्हा भारतीयांच्या वाट्याला क्वचितच येत. इथले डॉक्टर जिथं अर्जच करत नसत, तिथं आमची वर्णी लागायची: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालयं आणि ‘मेंटल हँडिकॅप’ची, आजच्या भाषेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांची, इस्पितळं. मला मिळालं ते यातलं तिसरं. यॉर्कशरमधल्या एका गावाबाहेरचं मोठं आवार, स्वतःची शेती, स्वतःचा धोबीखाना. 1913च्या मेंटल डेफिशियन्सी कायद्याखाली तरुणपणी दाखल केलेल्या बायका म्हाताऱ्या होऊन अजून तिथंच राहत होत्या. त्यातल्या काहींचा गुन्हा एवढाच, की लग्नाआधी मूल झालं होतं.

वॉर्डात वजनाचं एक रजिस्टर असायचं. महिन्याच्या सुरुवातीला सिस्टर सगळ्यांना काट्यावर उभं करायची आणि कुणाचं वजन उतरलं असेल तर नावापुढे लाल पेन्सिलीनं खूण करून वही माझ्यापुढे ठेवायची. त्या जागेबद्दल माझ्या मनात कसलीही माया नाही. खाटेला खाट लागलेली, अंगावरचे कपडेसुद्धा सामायिक, दाराला कडी नाही. पण त्या वहीबद्दल सांगायलाच हवं. बोलू न शकणाऱ्या माणसाची तब्येत ढासळतेय, हे त्यानं न सांगताही कुणाच्या तरी लक्षात यायचं, ते त्या वहीमुळे.

माझ्या आधीच या इस्पितळांचा पाया हलला होता. 1967 साली कार्डिफच्या ईली इस्पितळातल्या एका कर्मचाऱ्यानं तिथली मारहाण आणि चोऱ्यामाऱ्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राला कळवल्या. जेफ्री हाऊ यांच्या समितीनं चौकशी केली आणि मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी 1969 साली तो अहवाल काटछाट न करता छापायला लावला. 1971च्या श्वेतपत्रिकेत इस्पितळातल्या खाटा निम्म्यावर आणायचं ठरलं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत एकामागून एक इस्पितळं बंद झाली. माणसं साध्या गल्ल्यांमधल्या साध्या घरांत राहायला गेली, त्यांना स्वतःची खोली मिळाली. हे व्हायलाच हवं होतं.

मात्र घराबरोबर तब्येतीची जबाबदारीही गल्लीतल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे आली, आणि आम्ही जीपी तिला तयार नव्हतो. तोवर मीही जीपी झाले होते. आमची सगळी व्यवस्था पेशंटच्या तक्रारीवर उभी आहे. सकाळी आठला फोन लावायचा, रिसेप्शनिस्टला काय होतंय ते सांगायचं, वेळ मिळवायची, दहा मिनिटांत दुखणं मांडायचं. ज्याला पोटात दुखतंय हे सांगता येत नाही, तो या दारातून आत येणार कसा? वजनाची वही इस्पितळाबरोबर गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. 2006 सालापर्यंत तर आपल्याकडे असे पेशंट किती आणि कोण, याची यादी ठेवणंही जीपीला भाग नव्हतं. त्या वर्षी ती ठेवायची ठरली, तेव्हा आमची रिसेप्शनिस्ट आणि मी संध्याकाळी बसून नावं शोधली: फिटांच्या गोळ्या कुणाला जातात, ग्रुप होमचे पत्ते कोणते, डाऊन सिंड्रोमची जुनी नोंद कुठं आहे. काही नावं अशी निघाली, की त्यांना आमच्यापैकी कुणीच कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

अशा पेशंटना दरवर्षी बोलावून तपासण्याचा आग्रह याच सुमारास जोर धरत होता. कार्डिफ विद्यापीठात माईक कर यांनी अशा तपासणीचा तक्ता तयार केला होता आणि वेल्सनं 2006 सालीच ती सुरू केली. इंग्लंडला मात्र मृत्यूंची गोष्ट ऐकावी लागली. 2007च्या मार्चमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणाऱ्या मेनकॅप संस्थेनं अशाच सहा जणांच्या मृत्यूंचा अहवाल काढला. त्यात पक्षाघात झालेला 43 वर्षांचा एक माणूस होता; इस्पितळात 26 दिवस त्याच्या पोटात अन्न गेलं नव्हतं. या सहाही जणांच्या घरच्यांनी आपलं दुःख चव्हाट्यावर मांडलं, म्हणून सर जोनाथन मायकल यांची चौकशी बसली. 2008 साली इंग्लंडमध्ये तपासणी सुरू झाली आणि जीपीला प्रत्येक तपासणीमागे 100 पौंड मिळू लागले. पैसे देऊनसुद्धा पहिल्या वर्षी पात्र लोकांपैकी पाव जणांचीही तपासणी झाली नाही, याची मला आजही चीड येते.

आमच्याकडे या तपासणीसाठी दुप्पट वेळ आणि सकाळची पहिली अपॉइंटमेंट ठेवलेली असे, म्हणजे गर्दीत ताटकळणं नको. रक्त काढायचं असेल तर हात बधिर करणारं मलम आधीच घरी पाठवायचं. चाळिशीतला, डाऊन सिंड्रोम असलेला एक पेशंट आठवतो. जिना उतरायला नाही म्हणायचा, टीव्हीसमोर बसेनासा झाला होता, दिवसभर लोळायचा. सांभाळणाऱ्यांच्या मते तो हट्टी झाला होता. वयानं स्मृतिभ्रंश लागला असेल, असंही कुणी म्हणालं. दोन्ही कानांत मळाचे दगड झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून पायरी दिसत नव्हती. थायरॉईड मंदावलं होतं, म्हणून सुस्ती. मोजे काढले तर पायाची नखं आत वळलेली. यातलं एकही दुखणं दुर्मीळ नाही, आणि प्रत्येकावर इलाज आहे. त्याला फक्त कुणीतरी बोलावून डोक्यापासून पायापर्यंत पाहायला हवं होतं. बद्धकोष्ठ, गिळताना लागणारा ठसका, किडलेली दाढ, वर्षानुवर्षं कुणी न बदललेली औषधं, हे सगळं याच तपासणीत सापडतं.

2013 साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या चौकशीत दिसलं, की बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी 13 वर्षं आधी जातात, आणि बायका 20 वर्षं आधी. 2014 पासून ही तपासणी 14व्या वर्षीच सुरू होते, कारण बालरोगतज्ज्ञ सुटतो आणि मोठ्यांचा डॉक्टर अजून ओळखीचा झालेला नसतो, त्या वयात मुलं हातातून निसटतात.

लेस्टर, हॅरो, स्लाव इथल्या आपल्या मराठी घरांना मला एक सांगायचं आहे. ‘आम्ही घरीच बघतो हो त्याचं,’ असं पुष्कळ आया मला म्हणाल्या, आणि खरोखर जिवापाड बघत होत्या. पण जीपीच्या त्या यादीत मुलाचं नाव नसेल, तर तपासणीचं बोलावणं येत नाही. फोन करून नाव आहे का विचारा. नसेल तर घालायला सांगा. अपॉइंटमेंट दुप्पट वेळेची मागा, आणि पुढच्या वर्षभरात काय करायचं ते कागदावर लिहून दिल्याशिवाय खोलीतून उठू नका.