लॉगिनचं मूळ लाकडात

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असो, पीएफची शिल्लक बघायची असो की रेल्वेचं तिकीट काढायचं असो, आधी लॉगिन करा. पासवर्ड मागितला जातो म्हणून कुलूप उघडून आत शिरणं, असाच या शब्दाचा अर्थ आपल्या डोक्यात बसलाय. पण कुलूपकिल्लीशी या शब्दाचं काही नातं नाही. त्याचं घराणं दर्यावर्दी आहे.

इंग्रजीत लॉग म्हणजे ओंडका. भर समुद्रात जहाजाचा वेग मोजायचा कसा? खलाशी दोरीला लाकूड बांधून ते मागच्या बाजूने पाण्यात सोडत. विल्यम बोर्नने १५७४ च्या आपल्या पुस्तकात या युक्तीचं वर्णन केलंय. पुढे ओंडक्याची चतकोर भाकरीच्या आकाराची फळी झाली. तिच्या गोल कडेला शिसं ठोकलेलं, त्यामुळे ती पाण्यात उभी राहते आणि जवळजवळ जागची हलत नाही. जहाज पुढे जातं तशी दोरी सुटत जाते. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर खूण म्हणून गाठ. एकजण २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ उलटं करतो आणि वाळू संपली की दोरी धरायची. तेवढ्यात जितक्या गाठी गेल्या, तितके ताशी सागरी मैल. आकडे विचित्र वाटतील, पण त्रैराशिक मांडून बघा: एका गाठीमागे तासाला ६,०७५ फूट, म्हणजे जवळपास एक सागरी मैल. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात तो यामुळेच. फळी परत ओढायचीही सोय होती. दोरीला हिसका दिला की एक खुंटी निसटे, फळी आडवी पडे आणि अलगद येई.

गाठींचा आकडा खडूने लॉगबोर्डावर लिहीत आणि तिथून वहीत उतरवीत. ती वही म्हणजे लॉगबुक. हळूहळू वारा, दिशा, आजारपणं, शिक्षा असं सगळंच त्या वहीत जाऊ लागलं. लाकूड मागे पडलं, नाव वहीला चिकटलं. एकोणिसाव्या शतकात ‘लॉग’ हे नोंद करण्याचं क्रियापदही झालं. आपल्याकडे सरकारी जीपचा ड्रायव्हर लॉगबुक भरतो, तो याच गोत्रातला.

१९६१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी प्रणाली दाखवली. यंत्राचा वेळ महागडा, तेव्हा कोण बसलं आणि किती वेळ वापरला याचा हिशेब हवाच. म्हणून बसणाऱ्याने आधी ‘लॉगिन’ ही आज्ञा द्यायची. थोडक्यात, मस्टरवर सही. माणूस ‘इन’ होतो तो वहीत! पासवर्डही होताच, पण तो सही खरी की खोटी हे ताडण्यापुरता. आणि खोट्या सह्या लगेच सुरू झाल्या. ॲलन शेर या संशोधकाच्या वाट्याला आठवड्याला चार तास येत, ते त्याला पुरेनात. १९६२ मध्ये त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम रेटलं. कॉलेजातल्या प्रॉक्सीला एवढी डोकेबाज तयारी लागत नाही.

इंग्रजीत क्रियापद असेल तर ‘लॉग’ आणि ‘इन’ तोडून लिहितात, नाम असेल तर जोडून. आपण जोडलेलं नामच उचललं आणि त्याला ‘करणे’ लावलं. बरंच केलं.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने शेकडो मैलांवरच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकावर लॉगिन करायला घेतलं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा तो पहिला संदेश. एल गेलं, ओ गेलं, जी टाइप करताच पलीकडची यंत्रणा कोसळली. साधारण तासाभराने ते जमलं. त्या रात्रीचा पुरावा आजही आहे, लॉगच्या कागदावर हाताने लिहिलेली एक ओळ: वेळ २२:३०, स्टॅनफर्डशी बोलणं झालं.