पुनःपुन्हां पडणाऱ्याची वाट

राहुरी तालुक्यांतील केंदळ या गांवीं १८७८ सालच्या सुमारास जेसुइट संघाच्या धर्मगुरूंनीं ठाणें घातलें. त्यांनीं आणलेल्या विधींपैकीं पापनिवेदनाचा विधि येथील माणसास विशेष नवा वाटला असल्यास नवल नाहीं. प्रायश्चित्त त्यास ठाऊक होतें. परंतु तें बहुधा पंचांसमक्ष, दंड भरून घ्यावयाचें. येथें मात्र तोच मनुष्य तोच दोष घेऊन पुन्हां येई आणि पुन्हां क्षमा मागे. दारू सोडण्याचा निश्चय आठवड्यांत मोडणारास किती वेळां क्षमा करावयाची? हा प्रश्न एकट्या केंदळचा नव्हे. ख्रिस्तमंडळींत त्यावर शतकानुशतकें वाद झाला आहे.

आरंभीं नियम फार कडक होता. खून, व्यभिचार, श्रद्धात्याग असें घोर पाप बाप्तिस्म्यानंतर घडल्यास जाहीर प्रायश्चित्त जन्मांत एकदांच मिळे. दुसऱ्यांदा पडलेल्याचा न्याय देवावर सोंपविला जाई. परिणाम असा झाला, कीं पुष्कळ लोक हें एकुलतें एक औषध मरणाच्या उंबरठ्यासाठीं राखून ठेवूं लागले. नियम कडक आणि आचार सैल, असा हा प्रकार! पुढें सहाव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतून निराळी रीत रूढ झाली. पाप एकांतांत सांगावें, दोषाच्या मानानें उपवास-प्रार्थना करावी, आणि जितक्या वेळां पडावें तितक्या वेळां उठावें. स्पेनमधील टोलेडो येथील धर्मसभेनें ५८९ सालीं अशाच चालीचा, म्हणजे पाप होईल तितक्या वेळां क्षमा मागण्याचा, कठोर शब्दांत निषेध केला. परंतु १२१५ सालच्या लॅटरन धर्मसभेनें वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन प्रत्येकावर बंधनकारक केलें. जिचा धिक्कार झाला, तीच गोष्ट सहाशें वर्षांनीं आज्ञा ठरली.

मराठी वाचकांस या इतिहासाचें एक पान अधिक जवळचें आहे. १५७९ सालीं गोव्यास उतरलेले इंग्रज जेसुइट फादर स्टीफन्स यांनीं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६२९ सालीं त्याच संघाच्या एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच धर्मगुरूंनीं प्रेषित पेत्राच्या चरित्रावर ओव्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत खंडनमंडन पुष्कळ आहे, आणि तें आज कोणास फारसें रुचणार नाहीं. तरीही नायकाची निवड विचार करण्याजोगी आहे. पेत्रानें एका रात्रींत तीन वेळां आपल्या गुरूस ओळखण्याचें नाकारलें. यहूदानें गुरूस एकदांच विकलें. दोघांसही पश्चात्ताप झाला. परंतु एक रडला आणि परतला, दुसऱ्यानें गळफास घेतला. कॅथॉलिक उपदेशकांनीं या दोघांतील अंतर पापाच्या संख्येनें कधींच मोजलें नाहीं. यहूदाचा खरा घात निराशेनें केला, असेंच ते सांगत आले.

मग मनुष्य खुशाल पाप करील आणि शनिवारीं क्षमा मागून मोकळा होईल, हा आक्षेप जुनाच आहे, व तो पोकळही नाहीं. म्हणूनच पुन्हां पाप न करण्याच्या प्रामाणिक संकल्पावांचून मिळालेली क्षमा खरी नव्हे, असें मंडळीची शिकवण सांगते. संकल्प मात्र आजचा पाहावयाचा. उद्यां तो मोडेल ही भीति म्हणजे संकल्पाचा अभाव नव्हे. फ्रान्समध्यें आर्नो याच्या १६४३ सालच्या ग्रंथानें ही भीति इतकी वाढविली, कीं चांगले लोकही ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास कचरूं लागले. त्याच शतकांत, १६७३ ते १६७५ या काळांत, पारे-ल-मोनियाल येथील मार्गारेट मेरी या जोगिणीच्या दर्शनांतून येशूच्या पवित्र हृदयाची भक्ति जोर धरूं लागली. अखेर १९०५ सालीं पोप दहावे पायस यांनीं वारंवार ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास उघड उत्तेजन दिलें. तें पुण्यवानांचें बक्षीस नसून दुबळ्यांचें औषध आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९०३ सालीं, अहमदनगर जिल्ह्यांतील मिशनकार्यांत असलेल्या फादर डोरिंग यांनीं ‘निरोप्या’ हें मराठी मासिक सुरू केलें होतें.

खरी कसोटी १९१४ सालीं लागली. महायुद्ध पेटतांच जर्मन धर्मगुरु सरकारच्या दृष्टीनें शत्रु ठरले. अनेक जर्मन लोक अहमदनगरच्याच तळावर स्थानबद्ध झाले, आणि १९१६ पर्यंत मुंबई-पुणें मिशनच्या बहुतेक जर्मन जेसुइटांना हा देश सोडावा लागला. राहिलेल्या थोड्या धर्मगुरूंना इतक्या गांवांपर्यंत पोंचणें कठीण होतें. पाप ऐकावयास मनुष्यच नाहीं, तर पडलेल्यानें जावें कोठें? याचें उत्तर ट्रेंट येथील धर्मसभेनें १५५१ सालींच देऊन ठेविलें होतें. देवावरील प्रेमानें झालेला पूर्ण पश्चात्ताप, धर्मगुरु भेटतांच निवेदन करण्याच्या इच्छेसह, त्या विधीपूर्वींच देवाशीं समेट घडवितो. पाद्री नसलेल्या खेड्यांत याच शिकवणीचा आधार होता, आणि घरीं एकट्यानें म्हणावयाच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेचा.