हजारपट उत्प्रेरक

नांदगावच्या आमच्या घरी दिवाळीत अनारसे तळायला बसले की आईला एकच धास्ती असे. पिठात गूळ अंमळ जास्त झाला की अनारसा कढईत हसायचा आणि आई रडकुंडीला यायची! प्रमाण चुकून बिघडलेल्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या. प्रमाण चुकल्यामुळे एक नवे शास्त्र उभे राहिल्याची हकीगत मात्र मला फार उशिरा कळली.

ती १९६७ सालची, टोकियोची. हिदेकी शिराकावा या तरुण रसायनज्ञाकडे कोरियाहून आलेले प्यून ह्युंग-चिक ॲसिटिलीनपासून पॉलिॲसिटिलीन करू पाहत होते. (ॲसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्याच्या नळकांड्यातला वायू.) एरवी हाती यायची ती काळी भुकटी. त्या दिवशी उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, हजारपट पडला आणि द्रवावर सायीसारखा पापुद्रा धरला. घ्यायचे होते मिलिमोलच्या हिशेबात, घेतले गेले मोलच्या. पाहुण्याने चुकीचे वाचले, की लिहितानाच आपल्याकडून ‘मिलि’ गळले, हे शिराकावांनी पुढे नोबेल व्याख्यानातही मोकळेच ठेवले. मला या माणसाचा मोठेपणा इथे दिसतो. दोष दुसऱ्यावर ढकलून मोकळे होणे किती सोपे होते!

त्या पापुद्र्यातून वीज जेमतेमच वाहे. ॲलन मॅकडायर्मिड यांच्या बोलावण्यावरून शिराकावा फिलाडेल्फियास गेले. तेथे २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली, आणि वाहकता बघता बघता कोटीपट वाढली. ब्रोमीन काही इलेक्ट्रॉन ओढून घेतो. खच्चून भरलेल्या पॅसेंजरमधून मनमाडला चार माणसे उतरली की नांदगावकरांना दाराकडे सरकता येते, तसेच हे. यालाच डोपिंग म्हणतात. २००० सालचे नोबेल शिराकावा, मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांना मिळाले. प्यून यांचे नाव त्यात नव्हते.

हीगर यांच्या १९८७ मधील एका निबंधावर पहिले नाव ए. ओ. पाटील असे आहे. ते आडनाव पाहून मी खुर्चीतच सावरून बसलो! बाहेरून काही मिसळण्याऐवजी विद्युतभारित गट साखळीलाच जोडून ठेवण्याची, म्हणजे आपोआप डोपिंगची, ती युक्ती होती.

उत्प्रेरक मात्र पुन्हा आलाच, आणि या खेपेस थेट डोपिंगसाठी. २०२१ मध्ये चीन, स्वीडन व अमेरिकेतील संशोधकांनी सोने, पॅलेडियम यांचे सूक्ष्म कण वापरून मंदगती डोपिंगला वेग दिला. २०२४ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातील मंडळींनी तर साध्या हवेकडूनच इलेक्ट्रॉन ओढून घेवविले. उत्प्रेरकावर प्रकाश पाडायचा, तोही खोलीच्या तपमानाला. उत्प्रेरक शिल्लक उरतो, हवा फुकटची. खर्ची पडतो तो एक सेंद्रिय क्षार.