न्हाणीघरातील गीझर : ऊब आणि दक्षता

थंडीची चाहूल लागली, की वर्षभर दुर्लक्षित राहिलेला गीझर पुन्हा कामाला लागतो. पूर्वीच्या तांब्याच्या बंबाची राख रोज काढावी लागे, नळी घासावी लागे. त्यामुळे त्याच्याकडे आपोआप लक्ष राहत असे. गीझरची कळ दाबली, की काम भागते आणि म्हणूनच त्याच्या देखभालीचा विसर पडतो. हा विसर प्रसंगी जिवावर बेतू शकतो.

विजेचा गीझर

साठवणीच्या गीझरमध्ये पाण्याची टाकी, ती तापविणारी कॉइल आणि ठरावीक तापमानाला वीजप्रवाह तोडणारा थर्मोस्टॅट असतो. २० अंश सेल्सिअसचे १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी वीस-बावीस मिनिटे पुरतात. याहून बराच अधिक वेळ लागू लागला, की क्षारांचे थर साचल्याची शंका घ्यावी. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार तापताच वेगळे होतात आणि कॉइलवर त्यांचे कवच चढते. उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, वीज वाया जाते आणि कॉइल अकाली जळते.

टाकी गंजू नये यासाठी अनेक गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी बसविलेली असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजते. वार्षिक तपासणीत कॉइलवरील क्षार काढताना ही कांडी पाहावी आणि झिजली असल्यास बदलावी.

पाणी तापले, की प्रसरण पावते. वाढलेला दाब बाहेर सोडण्यासाठी गीझरला सुरक्षा झडप असते. पाणी तापत असताना तिच्यातून चार थेंब गळणे हा बिघाड नव्हे. गळती थांबविण्यासाठी झडपेचे तोंड बुजविल्यास मात्र, थर्मोस्टॅट नादुरुस्त होताच टाकी फुटण्याचा धोका उद्भवतो. भक्कम अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे सुरक्षा उपकरण यांना पर्याय नाही.

गॅसचा गीझर

गॅस गीझरचा धोका अधिक छुपा आहे. गॅस जळताना हवेतील प्राणवायू वापरला जातो. लहान, बंद न्हाणीघरात प्राणवायू कमी पडला, की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधील गॅसची गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके जड होणे, गरगरणे, मळमळणे, हातपाय गळणे ही त्याची लक्षणे. थकवा समजून ती अंगावर काढली जातात आणि कडी उघडण्याचेही त्राण उरत नाही.

सिलिंडर बाहेर ठेवला म्हणजे धोका टळला, हा मोठा गैरसमज आहे. विषारी वायू सिलिंडरमध्ये नव्हे, तर ज्योतीपाशी तयार होतो. म्हणून गीझरच न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाणी नळाने आत आणावे. ते शक्य नसल्यास बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार-खिडकी उघडून हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानास जावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागल्यास किंवा काजळी धरल्यास वापर थांबवून तंत्रज्ञास बोलवावे.

कोणी आत बेशुद्ध आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडून गीझर बंद करावा, त्या व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध परत आली तरी डॉक्टरांची तपासणी टाळू नये.

लॉज, वसतिगृहे आणि केशकर्तनालये अशा ठिकाणी गीझर रोज अनेकांसाठी तापतो. तेथे तपासणीची तारीख लिहिलेला कागद उपकरणाजवळच लावावा. बंबाची राख रोज निघत असे. गीझरसाठी वर्षातून एक दिवस काढणे फार नव्हे.