पिकअपखालचा फोम : बेस गिटारच्या पोटातला झिजणारा आधार

इलेक्ट्रिक बेस गिटारचा आवाज दुबळा होऊ लागला, जाड तारांमधला भरीवपणा हरवला, की वादकाचा पहिला संशय अँप्लिफायरवर जातो. मग केबल बदलली जाते, तारांचा नवा संच चढवला जातो आणि तरीही फरक पडला नाही तर पिकअपच निकामी झाला असे समजून नवा जोड विकत घेतला जातो. पुष्कळदा दोष यांपैकी कशातच नसतो. पिकअपच्या खाली, लाकडात कोरलेल्या खाचेत, फोमचा एक तुकडा दाबून बसवलेला असतो. काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि आधार गेल्याने पिकअप तारांपासून दूर, खाली बसतो. हा फोम बदलण्याचा खर्च किरकोळ आहे. मात्र ते करताना हात चुकला तर होणारे नुकसान किरकोळ नसते. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या कामाची नीट माहिती असणे आवश्यक ठरते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे असलेली कॉइल. पोलादी तार कंप पावली, की चुंबकीय क्षेत्रात बदल होतो, कॉइलमध्ये क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो वाढवून ऐकवतो. या कॉइलसाठी सर्रास वापरली जाणारी ४२ गेजची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक असते. पुढे येणाऱ्या सर्व सूचनांचे मूळ या आकड्यात आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला आणि १९६० मध्ये दोन स्वतंत्र पिकअप असलेला 'जाझ बेस' आला. आज जगभर बनणारे बहुसंख्य बेस गिटार या दोन नमुन्यांचे थेट वंशज आहेत. पिकअप बसवण्याची त्यांची युक्ती फार सोपी आहे. आवरणाच्या कडेच्या छिद्रांतून जाणारे स्क्रू पिकअपला खाली ओढतात आणि खालचा फोम त्याला वर रेटतो. स्क्रू आवळला की फोम दबून पिकअप खाली जातो, सैल केला की फोम फुगून तो वर येतो. म्हणजे स्क्रू फक्त मर्यादा घालतो, उचलण्याचे काम फोमचेच. फोम मेला, की स्क्रू कितीही उलटा फिरवला तरी त्याचे डोके तेवढे वर येते, पिकअप जागचा हलत नाही. शिवाय हा फोम पिकअपची स्वतःची थरथरही शोषून घेतो. सैल पिकअप मोठ्या आवाजात वाजवताना शिट्टीसारखा किंचाळू लागतो, त्याचे एक कारण हेच.

एखाद्या मिलिमीटरने काय बिघडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पुष्कळ बिघडते. तार आणि चुंबक यांतील अंतर वाढले, की संकेत झपाट्याने क्षीण होतो. परंतु ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर किंवा घरातील वायरिंग यांच्याकडून पिकअप जी घरघर गोळा करतो, ती मात्र तेवढीच राहते. साहजिकच वादक अँप्लिफायर वाढवतो आणि संगीताबरोबर घरघरही वाढते. प्रिसिजन बेसमध्ये तर पिकअपचा एक तुकडा दोन जाड तारांखाली आणि दुसरा दोन बारीक तारांखाली असतो. एकाच तुकड्याखालचा फोम बसला, तर दोन तारा दणदणीत आणि दोन मलूल, अशी विचित्र अवस्था होते. वादक आपल्या बोटांना दोष देत बसतो.

फोम का मरतो, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. हा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. जर्मनीत ओटो बायर यांच्या चमूने १९३७ मध्ये या पदार्थाचा शोध लावला आणि १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम गाद्या-उशांपासून यंत्रांपर्यंत सगळीकडे पोहोचला. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पॉलिएस्टर जातीचा फोम हवेतील ओलाव्याने विघटित होऊन चिकट होतो, तर पॉलिइथर जातीचा फोम प्राणवायू आणि प्रकाशामुळे कोरडा पडून चुरा होतो. जुन्या वॉकमनच्या हेडफोनवरील स्पंज बोटाला चिकटू लागणे, फिल्म कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातील काळी पट्टी डांबरासारखी होणे किंवा कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा तळवा पहिल्याच फेरीत तुकडे होऊन पडणे, हे सारे याच कुळातील प्रकार. मुंबई, कोकण आणि गोव्यातील दमट हवेत पहिल्या प्रकारचे विघटन अधिक लवकर होणार, हे ओघानेच आले. पेटीत बंद ठेवल्याने गिटार धुळीपासून वाचते, परंतु पावसाळ्यात ओल धरलेल्या पेटीत फोमला वेगळे संरक्षण मिळत नाही.

हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटारने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कायमची जागा मिळवली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ, तसेच चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत हे वाद्य रुजवले. पुढे गावोगावच्या ऑर्केस्ट्रांतही ते पोहोचले. त्या काळातील वाद्ये आजही काही घरांत माळ्यावर किंवा पलंगाखाली आहेत. अशी गिटार बाहेर काढली, तर पिकअपखालचा मूळ फोम शाबूत असण्याची शक्यता फारच थोडी.

येथे एक गल्लत टाळायला हवी. जुन्या फेंडर बेसमध्ये ब्रिजवरील धातूच्या झाकणाखालीही फोमची पट्टी असे. तिचा पिकअपशी संबंध नव्हता. ती तारांना टेकून त्यांचा नाद लवकर आटोपता घेत असे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांत वाजवणारे जेम्स जेमरसन यांच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसचा गोलसर, आखूड स्वर घडवण्यात या पट्टीचाही वाटा होता. ती काढली तर स्वर बदलतो. पिकअपखालचा फोम बदलल्याने स्वर बदलत नाही, हरवलेला परत मिळतो.

निदान कसे करावे

निदानासाठी काहीही उघडावे लागत नाही. पिकअपच्या एका कडेवर अंगठ्याने हलकेच दाब द्यावा. फोम जिवंत असेल तर पिकअप दबतो आणि दाब काढताच वर येतो. तो खालीच राहिला, डुगडुगला किंवा खडखडला, तर निदान झाले असे समजावे. कॉइल शाबूत आहे की नाही, हेही आधीच पाहून घेणे शहाणपणाचे. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गिटारला केबल जोडून, आवाजाचे बटण पूर्ण वाढवून, केबलच्या मोकळ्या टोकावरील टीप आणि दांडा यांमधील रोध मोजावा. प्रिसिजन जातीच्या पिकअपचा रोध साधारणपणे १० ते १२ किलोओहम, तर जाझ जातीच्या एकेका पिकअपचा ७ ते ८ किलोओहमच्या आसपास असतो. जाझ बेसमध्ये दोन्ही पिकअप समांतर जोडलेले असल्याने एकाचे बटण शून्यावर नेऊन दुसऱ्याचे मोजमाप घ्यावे. बटणांच्या स्वतःच्या रोधामुळे आकडा किंचित कमी दिसतो, त्याने घाबरू नये. ज्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे सर्किट असते, तेथे मात्र ही चाचणी उपयोगाची नाही. काम झाल्यावर हेच मोजमाप पुन्हा घ्यायचे असल्याने आकडा लिहून ठेवावा.

तारा सैल करून बाजूला सारता येतील इतपत ढिल्या कराव्यात किंवा काढून टाकाव्यात. उघडण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, ही सवय कोणत्याही दुरुस्तीत कामी येते. पिकअपचे चारही स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने सोडवावेत. स्क्रूच्या डोक्याच्या मापाचाच स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि तो निसटून कॉइलवर जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. चुंबक पोलादी अवजाराला अनपेक्षितपणे खेचतो. प्रिसिजन बेसमध्ये पांढऱ्या किंवा काळ्या प्लास्टिकचा पत्रा, म्हणजे पिकगार्ड, काढण्याची बहुतेक वेळा गरज पडत नाही. पिकअप त्याच्या खिडकीतून वर येतो.

खरी जोखीम यानंतर आहे. चिकट झालेला फोम पिकअपच्या तळाला घट्ट धरून असतो. तो ओढून काढण्याचा मोह होतो. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये कॉइलची सुरुवातीची आणि शेवटची टोके तळाच्या फायबरच्या पट्टीवरील छोट्या कड्यांना सोल्डर केलेली असतात आणि आवरणाखाली कॉइल जवळजवळ उघडीच असते. ओढताना एक वेढा जरी तुटला तरी पिकअप मुका होतो आणि मग संपूर्ण कॉइल नव्याने गुंडाळून घेण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून लाकडाची किंवा प्लास्टिकची बोथट पट्टी घेऊन फोम थराथराने खरवडावा. तळाला शेवटचा पातळ थर राहिला तर राहू द्यावा. त्याने काही बिघडत नाही. पिकअपवर कोणतेही द्रावण ओतू नये.

लाकडी खाच साफ करताना जरा मोकळीक आहे. कापसाच्या बोळ्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चिकटा पुसता येतो. मात्र जुन्या गिटारवरील नायट्रोसेल्युलोज लॅकर अल्कोहोलने मऊ पडू शकते. त्यामुळे बोळा खाचेच्या बाहेर येऊ देऊ नये. थिनर आणि अॅसिटोन यांचे नावच काढू नये. सुका भुगा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावा, तोंडाने फुंकू नये, नाकावर मास्क असलेला बरा. काही वाद्यांत खाचेच्या तळाशी धातूची पातळ पट्टी आणि तिला जोडलेली तार सापडते. ती घरघर कमी करण्यासाठीच असते. ती कचरा समजून काढून टाकल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कोणता फोम घ्यावा

गादीचा किंवा भांडी घासायचा स्पंज कापून बसवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. तो पुन्हा पॉलियुरेथेनच असतो आणि मऊही जास्त. पॅकिंगमध्ये येणारा पांढरा फोम काही महिन्यांत चपटा होतो. आयसी टोचून ठेवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळणारा काळा फोम दिसायला अगदी योग्य वाटतो, पण तो विद्युतवाहक असतो. तळाच्या कड्यांना टेकला तर संकेत गळू लागतो. उत्तम निवड म्हणजे बंद छिद्रांचा निओप्रीन. तो पाणी शोषत नाही, दाबातून बराच काळ परत उसळतो आणि दारे-खिडक्यांच्या सीलिंगसाठी हार्डवेअरच्या दुकानात त्याच्या पट्ट्या मिळतात. फोमऐवजी स्क्रूभोवती स्प्रिंग किंवा सिलिकॉनच्या नळीचे तुकडे घालण्याची पद्धतही आहे आणि ती दीर्घकाळ टिकते. स्प्रिंग मात्र ढिली पडल्यास झंकारते.

जाडीचा हिशेब घाईत केला जातो आणि तिथेच काम फसते. पिकअप हव्या त्या उंचीवर धरून त्याचा तळ आणि खाचेचा तळ यांतील अंतर मोजावे. हे अंतर ८ मिलिमीटर असेल तर साधारण १२ मिलिमीटरचा फोम घ्यावा, म्हणजे तो एक तृतीयांश दबून राहील आणि वर-खाली दोन्हीकडे वाव उरेल. फार जाड किंवा फार कडक फोम बसवून स्क्रू आवळले, तर आवरणाचे प्लास्टिकचे कान तडकतात किंवा लाकडातील आटे जातात. फोमचे दोन तुकडे करून मध्ये वायरीसाठी वाट ठेवावी. चिकट बाजू खाचेच्या तळाकडे असावी, पिकअपकडे कधीही नाही. पुढच्या वेळी फोम काढणाऱ्याचे काम त्यामुळे सोपे होते.

जुन्या वाद्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे. संग्राहकांच्या बाजारात मूळ भागांना मोल असते. १९६०-७० च्या दशकांतील वाद्याचे मूळ स्क्रू, आवरणे आणि फोमचे उरलेले तुकडेही छोट्या पिशवीत, तारीख लिहून, पेटीत ठेवावेत. सोल्डरचे जुने सांधे विनाकारण उकलू नयेत. फोम बदलण्यासाठी सोल्डरिंगची गरजच नसते आणि एखादा कारागीर ती आहे म्हणत असेल तर कारण विचारावे.

पिकअप परत बसवल्यावर स्क्रू हाताने, जुन्या आट्यांत अलगद बसवत फिरवावेत. भोक सैल झाले असेल तर टूथपिकचा तुकडा लाकडाच्या गोंदात बुडवून त्यात भरावा आणि तो वाळल्यावरच स्क्रू घालावा. तारा सुरात आणून उंची ठरवावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरायची आणि तारेचा तळ ते चुंबकाचा माथा हे अंतर पट्टीने मोजायचे. जाड तारेकडे अडीच ते तीन मिलिमीटर आणि बारीक तारेकडे दोन ते अडीच मिलिमीटर ही सुरुवात ठीक. तिथून पुढे कानावर विसंबावे. पिकअप फार जवळ आणला तर आवाज मोठा मिळतो खरा, पण चुंबक तारेला ओढू लागतो, वरच्या पडद्यांवर सूर डळमळतो आणि नाद लवकर विझतो. अशा वेळी स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जावे. चारही तारा सारख्या जोराने छेडून एकसारख्या ऐकू आल्या, की थांबावे आणि मल्टिमीटरचा आकडा आधीच्या नोंदीशी ताडून पाहावा. नवा फोम पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो, त्यामुळे आठवडाभराने उंची पुन्हा एकदा मोजावी.