तिरुवल्लिकेणीतली जोंगा



चेन्नईला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत तिरुवल्लिकेणीत भाड्याचं घर घेतलं. इंग्रजांनी ज्याचं ट्रिप्लिकेन केलं, तोच हा भाग. पार्थसारथी मंदिराजवळची गल्ली, जुनं घर, मागे फरसबंद अंगण आणि रुंद दरवाजा. बायको स्वयंपाकघर बघत होती, मी दरवाजा मोजत होतो. दोन महिन्यांनी त्या दरवाजातून जोंगा आत आली. सहा जणांनी ढकलून आणली.

ज्यांनी नोकरीत जोंगा चालवली त्यांना काही सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ गाडी जपानी, निस्सानची पेट्रोल ६० मालिका. तिकडे तिला ‘पॅट्रोल’ म्हणत. परवाना घेऊन आपण ती जबलपूरला बांधली. १९६९ पासून १९९९ पर्यंत, तीस वर्षं. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं जुळवून ‘जोंगा’ हे नाव झालं. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. ॲव्हरेज विचारू नका. १९६५ साली कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी चीमा गावाजवळ पॅटन रणगाडे टिपले ते जीपवर बसवलेल्या आरसीएल तोफेने. पुढे तोफ वाहण्याचं ते काम जोंगाकडेही आलं. शिवाय ती सीओसाहेबांची गाडी होती आणि रुग्णवाहिकाही होती.

मी घेतलेली जोंगा लिलावातून बाहेर पडून दोन मालकांकडे फिरली होती. आधीच्या मालकाने पेट्रोल परवडत नाही म्हणून मूळ इंजिन काढून कुठल्याशा ट्रकचं डिझेल इंजिन बसवलं होतं. वरून चकाचक रंग. मी खूश होतो. मोठे टायर, पुढे विंच, वर दिव्यांची रांग, असा सगळा बेत कागदावर तयार होता. लेकीला पोंगलच्या सुट्टीत येलगिरीच्या घाटात न्यायचं कबूल करून बसलो होतो.

गल्लीच्या टोकाला ईएमईचे एक निवृत्त हवालदार राहतात. वय सत्तरीपुढे. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला साब. त्यांना गाडी दाखवायला बोलावलं. बॉनेट उघडायच्या आधीच ते चटई टाकून गाडीखाली गेले आणि हातोडीने चासी ठोकू लागले. टण्, टण्, टण्, आणि मग एकदम बद्द आवाज. तिथला रंग खरवडला तर खाली पुट्टी. पुट्टीखाली नव्या इंजिनाच्या फाउंडेशनपाशी बोटभर लांबीची चीर. वजनदार इंजिन बसवताना मूळ ब्रॅकेट कापून जोड दिला होता, तिथूनच चासी फुटत चालली होती.

“साब, बच्ची को इसमें बिठाने वाले थे?” एवढंच बोलले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. खरेदीच्या दिवशी मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या होत्या. खाली मात्र वाकलो नव्हतो.

या चुकीला आपल्या इतिहासात मोठा भाऊ आहे. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू होती, सैन्याला गाड्यांची निकड होती. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. जुन्या, दुरुस्त करून दिलेल्या दोन हजार जीप येणार होत्या. तपासणी पुरी होण्याआधीच मोठी रक्कम मोजली गेली. आल्या १५५, आणि त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. सैन्याने त्या नाकारल्या. संसदेत वादळ झालं. शेवटी ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. स्वतंत्र भारताच्या संरक्षण खरेदीतला पहिला गाजलेला घोटाळा म्हणून ते आजही सांगतात.

मेनन इथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. समुद्रासमोरची ती इमारत माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, सकाळी फिरायला जाताना रोज दिसते. जीपचं नाव निघालं की सगळे तिथेच थांबतात, पण गोष्ट तिथे संपत नाही. हेच मेनन १९५७ साली संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९५९ मध्ये, जबलपूरला जर्मन परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला. दुसऱ्याने डागडुजी केलेला माल विकत घेण्यापासून आपल्या हाताने बांधण्यापर्यंतचा रस्ता आपण दहा-बारा वर्षांत कापला. जोंगा त्याच रस्त्यावर पुढे आली. १९६२ ला त्याच मंत्र्याला ज्या कारणाने जावं लागलं ते आपण सर्व जाणतो; तो हिशेब वेगळा. हाही हिशेब त्याच वहीत असला पाहिजे.

ते डोक्यात बसलं आणि विंचचा कागद मी फाडला. ठरवलं, गाडी जबलपूरहून निघाली तशी करायची.

कूवम नदीपलीकडचं पुदुपेट्टै हे जुन्या सुट्या भागांचं माहेरघर. मागच्या पाट्यांचे बुश, हब, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट उस्तादांनी तिथे एकेक हातात घेऊन, हलवून, नाकारून, पुन्हा मागवून घेतले. मूळ इंजिन कोइंबतूरकडच्या एका शेडमध्ये मिळालं. बोअरिंग झालं, पिस्टन आणि रिंगा नव्या घातल्या. चासीची चीर नुसती भरली नाही. तेवढा भाग कापून, आतून पट्टी देऊन वेल्ड केला. पहिल्यांदा स्टार्ट करताना प्लगच्या वायरी मी लावल्या होत्या. सायलेन्सरमधून असा बार निघाला की गल्लीतली कबुतरं उडाली. उस्तादांनी दोन वायरींची अदलाबदल केली आणि १-५-३-६-२-४ हा क्रम माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला, रिक्रूटकडून घ्यावा तसा.

कायद्याचंही सांगतो, कारण बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर परवानगी लागते. माझ्या आरसीवर पेट्रोलच होतं, म्हणजे ते डिझेल इंजिन कागदावर कधी नव्हतंच. आधी परवानगी, मग पाना. माझी स्वतःची भर एवढीच: सगळ्यांना सीटबेल्ट आणि मागे लेकीला धरायला एक दांडी.

रंगाचा प्रश्न शेवटी आला. मनात अर्थातच ऑलिव्ह ग्रीन. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा. उस्ताद हसले. म्हणाले, “साब, रिटायर हो गई है. वर्दी जमा करनी पड़ती है.” म्हणून जोंगा आता राखाडी आहे.

पोंगल हुकला. येलगिरीला आम्ही मार्चमध्ये गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी अंगणात चटई टाकली, गाडीखाली शिरलो आणि हातोडीने चासी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. लेक टॉर्च धरून होती. सगळीकडे टण् आवाज आला.

जय हिंद.