पेरुजियाचे उघडे दार

असिसीपासून जवळच, उंब्रिया प्रांतातील पेरुजिया या डोंगरावरील नगरात इटालियन भाषा व संस्कृती शिकण्यासाठी देशोदेशींचे विद्यार्थी येतात. आस्तोरे लुपात्तेल्ली या वकिलांनी १९२१ साली परदेशीयांसाठी येथे अभ्यासवर्ग आरंभिले. १९२५ साली त्यांतून परदेशीयांचे विद्यापीठ उभे राहिले.

याच विद्यापीठात एप्रिल १९८१ मध्ये मेहमेत अली आग्जा या तुर्की तरुणाने नाव नोंदविले. शिकणे हा निव्वळ बहाणा होता. १३ मे रोजी व्हॅटिकनमध्ये त्याने पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. असे काही घडले की परक्याला दार बंद करावे, असे आम्हालाही वाटून जाते. विद्यापीठाने मात्र दार लावले नाही.

पोपमहोदयांनी इस्पितळातूनच आग्जाला क्षमा केली. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते रेबिब्बिया तुरुंगात त्याला भेटले. एक पोलंडचा, एक तुर्कस्तानचा. दोघे बोलले ते इटालियनमध्ये. जी भाषा शिकण्याचा बहाणा झाला होता, तीच समेटाच्या कामी आली.

आमच्या उंबरठ्याशी आलेल्या परक्याला आम्ही कोणत्या भाषेत उत्तर देणार?